अंघोळ करूनच कुंडात

जपानला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत फुजी असतो, बुलेट ट्रेन असते, बॅगेत मेतकूट असतं. ओनसेनचं नाव निघालं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. गरम झऱ्याच्या त्या सार्वजनिक कुंडात अंगावर चिंधीसुद्धा चालत नाही, पोहण्याचा पोशाखही नाही. बायका-पुरुषांची कुंडं बहुतेक ठिकाणी वेगळी असतात, पण लाज ती लाजच. ती पाचेक मिनिटांत जाते, कारण कुणी कुणाकडे बघतच नाही. खरी गडबड होते ती क्रमात.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात आपण अंघोळीला उतरतो. ओनसेनमध्ये अंघोळ उरकून उतरायचं. भिंतीलगत नळ, शॉवर, बुटकं स्टूल आणि लहानसं घमेलं असतं. स्टुलावर बसायचं, उभं राहून शेजाऱ्यावर शिंतोडे उडवायचे नाहीत. साबणाने खसखसून घासायचं, फेस पुरता घालवायचा, मग स्टूल आणि घमेलंही विसळून जागच्या जागी ठेवायचं. पाटावर बसून तांब्याने पाणी घेणाऱ्या घरातल्या माणसाला यात शिकण्यासारखं फारसं नाही. उलट उभ्या शॉवरची सवय असलेले पाहुणेच इथे चाचपडतात.

कुंडातलं पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, गळ्यापर्यंत बसल्यावर कळतो. म्हणून आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घमेल्याने कुंडातलं पाणी घ्यायचं आणि सावकाश उतरायचं. केस वर बांधायचे. सोबतचा छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. काठावर ठेवा नाहीतर घडी करून डोक्यावर. पहिल्या खेपेला पाच-सात मिनिटं पुरे. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन बसलं, किंवा ताडकन उठलं, की डोळ्यांपुढे अंधारी येते.

जोडव्यांचं काय, हा प्रश्न कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत नसतो. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी, पैंजण खोलीतच ठेवलेली बरी. काढायची नसतील, तर गंधक नसलेलं ओनसेन निवडावं. पाण्यातल्या घटकांचा तक्ता लावणं कायद्याने बंधनकारक आहे, पण तो बहुधा कपडे बदलण्याच्या खोलीत टांगलेला, आणि भाषांतरासाठी तिथे मोबाइल बाहेर काढायची सोय नाही. काउंटरवर आधीच विचारून घ्यावं. कुसात्सूसारख्या ठिकाणी पाणी इतकं आम्लधर्मी आहे (सामू २च्या आसपास) की नाजूक त्वचेच्या माणसाने निघताना साध्या पाण्याने अंग धुवावं. एरवी खनिजं अंगावर राहू देण्याचीच तिथली रीत.

दाराच्या पडद्यांबद्दलही एक सांगायला हवं. पुरुषांकडे बहुधा निळा, बायकांकडे लाल. पण बऱ्याच निवासांत रात्री नाहीतर सकाळी दोन्ही कुंडांची अदलाबदल होते, म्हणजे पाहुण्यांना दोन्हींकडची मजा मिळावी. काल डावीकडे गेलो म्हणून आज डोळे झाकून डावीकडे वळणारा फसतो. पडद्यावरचं अक्षर बघा: पुरुषांच्या अक्षराच्या डोक्यावर चार खणांची चौकट असते.

टॅटू असेल तर अनेक ठिकाणी दारातूनच नकार मिळतो. गोंदणाचं नातं तिथे गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलं गेलंय. आजीच्या कपाळावरचं तुळशीचं गोंदण वेगळं, हे काउंटरवर पटवत बसण्यात अर्थ नाही. लहान गोंदण झाकायला चिकटपट्टी मिळते. नाहीतर तासाभरासाठी खासगी कुंड भाड्याने घ्यावं. लाजाळू जोडप्यांनाही तोच मार्ग सोयीचा. अगदीच धीर होत नसेल, तर गावात फुकटची पाय बुडवायची कुंडं असतात, तिथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडली की झालं.

बाहेर पडताना टॉवेल पिळून अंग तिथेच पुसून घ्यायचं, कपड्यांच्या खोलीत ओल्या पायांनी जायचं नाही. एवढं सांभाळलं, की शेजारच्या आजीबाई स्वतःहून हवापाण्याचं बोलायला लागतात, तुम्हाला जपानी येवो न येवो.