तेरड्याचा रंग किती दिवस? दोरे बांधून केलेल्या नोंदी

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो असलो, तरी ती एका फुलाच्या आयुष्याला कितपत लागू पडते हे कधी मोजून पाहिले नव्हते. म्हणून यंदा श्रावणाच्या अखेरीस आमच्या वाडीमागच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर उमलू लागलेल्या 24 कळ्यांच्या देठांना रंगीत दोरे बांधले आणि रोज सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद केली. उघड्या कातळावर तेरडा क्वचितच दिसतो. जिथे थोडी माती साचते आणि ओल टिकते, तिथेच त्याची दाटी होते.

पावसाच्या माऱ्यात 5 फुले गेली, 19 शेवटपर्यंत पाहता आली. फूल उमलते तेव्हा त्याचे पाचही पुंकेसर (पराग देणारे भाग) जुळून झालेली टोपी कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकाला, पूर्ण झाकून असते, त्यामुळे आधी फक्त पराग मिळतो. माझ्या फुलांत ही टोपी साधारण दोन दिवसांनी गळाली, आणि मगच कुक्षी उघडी पडून ते फूल दुसऱ्या फुलाचा पराग घेण्याजोगे झाले. मागच्या बाजूच्या बारीक, वाकड्या नळीतला (शुंडिकेतला) मध शोधायला आत शिरणाऱ्या माश्यांच्या पाठीवर पांढरट पराग स्पष्ट दिसत होता. 19 पैकी 14 फुले तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गळाली. एका फुलापुरती म्हण खरी ठरली. मात्र झाडावर नव्या कळ्या येतच राहतात, त्यामुळे उतार कित्येक आठवडे गुलाबीच असतो.

कोकणात गौरीसाठी तेरडा मुळासकट आणतात. वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात आयुष्य संपणारा, असल्यामुळे त्याचा पुढचा वंश केवळ बियांवर अवलंबून असतो, म्हणून आईला यंदा खालच्या दाट पट्ट्यातलीच रोपे घ्यायला सांगितले आणि तिने ते आनंदाने मानले. तिच्या लहानपणी मुली याच्या पाकळ्यांनी नखे रंगवत असत. कोरियात तर तुरटीसोबत ठेचून असा रंग लावण्याची जुनी प्रथा आहे. मेंदीतले रंगद्रव्य, लॉसोन, तेरड्यातही असते.

आता दोरे बांधलेल्या देठांवर लवदार बोंडे फुगू लागली आहेत. पिकलेले बोंड जरा स्पर्श होताच फुटते, त्याच्या पाच फाका झटक्यात आत गुंडाळतात आणि बिया दूर उडतात. त्या मोजता याव्यात म्हणून कालच प्रत्येक बोंडावर मलमलीची सैल पिशवी बांधली आहे.