अख्ख्या ‘सौभद्र’साठी अंत्रुजात

‘सौभद्र’ हे संगीत नाटक बघायला गोव्याला चाललेय म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. पुण्या-मुंबईत प्रयोग होत नाहीत का? होतात, आणि जमेल तेवढे मी बघतेही. पण नाट्यगृहातलं ‘सौभद्र’ आता अडीच-तीन तासांत उरकतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाच अंक लिहिले आणि त्यात शंभरावर पदं घातली. १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिले तीन अंक रंगमंचावर आले आणि पुढच्या वर्षी पूर्ण नाटक. आज त्यातली गाजलेली पदं तेवढी ठेवतात, साक्या-दिंड्यांना, म्हणजे मधल्या छोट्या गेय पद्यांना, कात्री लावतात, आणि संवाद उरतात ते पुढच्या पदापर्यंत पोचण्यापुरते. मैफल म्हणून ते छानच असतं. मला मात्र नाटक हवं होतं.

हे नाटक मला बघण्याआधी पाठ होतं. घरात कॅसेट होत्या, गायक-नट छोटा गंधर्वांचा कृष्ण रोज दुपारी रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढायचा. पुढे संहिता हाती आली आणि कळलं की पदांच्या मधे जे आहे तेही तितकंच गोड आहे. बलरामदादा हट्टाला पेटलाय, सुभद्रा दुर्योधनाला द्यायची म्हणतो. बहिणीचं मन अर्जुनात. कृष्ण तोंडावर दादाच्या हो ला हो करतो आणि मागे सगळी सूत्रं हलवतो. घटोत्कच सुभद्रेला पळवतो, अर्जुन संन्याशी होऊन बसतो, आणि त्या संन्याशाच्या सेवेला तिलाच ठेवावी असं ठरतं! यात खलनायक नाही. दुर्योधनाचं नुसतं नाव ऐकू येतं. लग्नाच्या घरात एकमेकांपासून गोष्टी लपवतात तसा हा सगळा मामला आहे. पुढे कुरुक्षेत्र आहे, याच सुभद्रेचा अभिमन्यू आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. या पाच अंकांत मात्र कुणालाच त्याची गंधवार्ता नाही. वाईट दिवसांत मी दुसरं काही वाचत नाही, हेच वाचते.

तर, गोव्यातला फोंडा तालुका. जुनं नाव अंत्रुज महाल. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी-साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा अनेक देव इकडे आणले गेले, कारण हा मुलूख तेव्हा त्यांच्या हाताबाहेर होता. मंगेश कुठ्ठाळीहून आला तो असाच. देवळांबरोबर कलावंत आले, गाणं आलं. केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरीच्या, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. इथल्या जत्रांत गावकरी स्वतः संगीत नाटक उभं करतात ही परंपरा अजून चालू आहे. दिवसा दुकान, शाळा, बँक सांभाळणारी माणसं रात्री मुकुट चढवतात. मी गेले त्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ही काही एका गावाची मक्तेदारी नव्हे, तुमचं गाव तुम्ही शोधा.

शोधायचं कसं? बहुतेक जत्रा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत येतात. तिथीवर असतात, म्हणून गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख धरून तिकीट काढू नका. आधी पंचांग बघा, मग देवस्थानच्या कार्यालयात फोन करा. जत्रा कधी एवढंच विचारून फोन ठेवू नका. नाटक कुठलं, कोणत्या रात्री, आणि गावची मंडळी करणार की बाहेरून कंपनी बोलावलीय, हेही विचारा. गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत जत्रेच्या बातमीखाली नाटकाचं नाव असतं, तीही चाळत राहा.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी करमळीला उतरता येतं, तिथून टॅक्सीने जुन्या गोव्यावरून फोंडा. पुण्याहून गोवा एक्सप्रेस मडगावला सोडते. मडगाव आणि पणजी, दोन्हीकडून फोंड्याला दिवसा भरपूर बस आहेत. रात्री नाहीत. नाटक पहाटे सुटतं तेव्हा गावातून फोंड्यापर्यंत कसं यायचं हे उजेडीच ठरवून ठेवा. मी टॅक्सीवाल्याला सांगितलं होतं, तो स्वतःच तिसऱ्या अंकापासून मागे उभा राहून बघत होता. मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, राहायची सोय असते, पण जत्रेत आधी महाजन आणि कुळावी, म्हणजे देवस्थानची परंपरागत मानकरी आणि कुलदैवत मानणारी घराणी, यांचा हक्क. आपण शहरातल्या लॉजवर राहावं हे बरं. आणि दुपारी झोपा. झोप येत नसली तरी पडून राहा.

पत्रिकेवर रात्री दहा लिहिलेलं असतं. पालखी फिरून देवळात आली, आरती-तीर्थप्रसाद झाला, की मग पहिली घंटा. आमची अकरानंतर झाली. तोवर फेरी मारा, जत्रेतलं गोड खाजें घ्या, गरम भजी खा. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पण पुढे चटई टाकायला जागा ठेवलेली असते आणि खरी मजा तिथेच. चटई आणि शाल बरोबर हवीच. दव पडतं, मध्यरात्रीनंतर डोकं भिजतं. लाउडस्पीकरच्या कर्ण्यासमोर बसू नका. ऑर्गनवाल्याच्या बाजूला बसा, म्हणजे आवाज यंत्रातून न येता सरळ येतो आणि गाणाऱ्याने सूर सोडला की ऑर्गनवाला त्याला कसा सावरून घेतो ते दिसतं. मी घुटमळत होते तेव्हा एका आजींनी स्वतःची चटई सरकवली. “हांगा बस गो बाय.” नंतर रात्रभर त्या नाटकाच्या एक ओळ पुढे होत्या. नट बोलायच्या आधी संवाद त्यांच्या ओठांवर.

नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगान, झाली ती किर्लोस्करांच्याच ‘शाकुंतला’तली, ‘पंचतुंड नररुंडमालधर’. मग ‘राधाधर मधुमिलिंद’ म्हणत नारद आला आणि मागची कुजबुज थांबली. पडद्याआड मंडळी कोकणीत एकमेकांवर खेकसत होती, ते आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं; पडदा सरकला की तीच माणसं दीडशे वर्षांपूर्वीची मराठी न अडखळता बोलत होती.

गाणं सगळ्यांचं सारखं नव्हतं. अर्जुनाचा आवाज वरच्या सुरात चिरायचा. सुभद्रेने मात्र ‘वद जाऊं कुणाला शरण’ असं म्हटलं की आजींनी पदर डोळ्याला लावला. ताना मोजक्या, शब्द स्पष्ट. शहरात हेच पद मी पंधरा-पंधरा मिनिटं आळवलेलं ऐकलंय, आणि त्यात सुभद्रा कुठे गेली ते कळत नाही. इथे तिला खरंच कुणीतरी वाचवायला हवं होतं. बलराम सगळ्यांत सरस निघाला. त्याला मोठी पदं नाहीत, म्हणून शहरात कुणी त्याच्याकडे बघत नाही. या बलरामाचा राग खरा होता, त्यामुळे कृष्णाचा कावा धोक्याचा वाटला आणि हशाही दुप्पट आला.

‘प्रिये पहा’ हे पद रात्र सरून उषःकाल होतोय असं सांगतं. नाट्यगृहात ते संध्याकाळच्या प्रयोगात ऐकायची सवय. इथे ते आलं तेव्हा पहाट अगदी लांब राहिली नव्हती, लहान मुलं आडवी झाली होती, आणि देसकार रागाचे ते सूर त्या वेळेला असे बसले की ‘वन्समोअर’ मागायलाही कुणाला सुचलं नाही. क्षणभराने मग एकदम आरडाओरडा. कृष्णाने पद पुन्हा घेतलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच फिरवलं.

दोन अंकांच्या मधे ध्वनिक्षेपकावरून बक्षिसं जाहीर होतात. अमक्याकडून सुभद्रेला शंभर, तमक्याकडून तबल्याला पन्नास. कंटाळू नका, बाहेरच्या माणसानेही द्यावं. पैसे थेट रंगमंचावर नेऊ नका, समितीच्या टेबलावर नाव सांगून द्या. प्रवेशाला तिकीट नसतं, तेव्हा तिथे हात आखडू नये. फोटोला कुणी हरकत घेतली नाही, पण फ्लॅश मारू नका आणि फोन उंच धरून मागच्यांचं नाटक झाकू नका. देवळात जायचं असेल तर कपडे अंगभर असू द्या.

जाण्याआधी संहिता एकदा वाचाच. जुनं नाटक आहे, ग्रंथालयात सहज मिळतं. पदं कानावरून गेलेली असतात, पण कोण कुणाशी कशासाठी खोटं बोलतंय हे डोक्यात पक्कं नसेल तर दुसऱ्या अंकानंतर झोप गाठते. सोबतीला संगीत नाटकाची आवड नसलेलं माणूस नेऊ नका. त्याचे हाल होतात आणि आपलेही. दुसऱ्या रात्री त्याच मंडपात ‘संशयकल्लोळ’ होतं. अंगात जोर असेल तर मुक्काम वाढवा, परतीचं आरक्षण एक दिवस पुढचं काढलेलं असलं की ते ठरवायला मोकळीक राहते.