बोटांतले खडे

उजव्या अंगठ्याच्या पेरात काहीतरी टोचतंय हे पहिल्यांदा जाणवलं, तेव्हा मला वाटलं सुईचं टोक मोडून आत राहिलंय. वीस वर्षं शिवणकाम करतेय, सुई टोचणं नवीन नव्हतं. दोन दिवस अंगठा दाबून पाहिला, भिंगाखाली धरला. वर जखम नाही, रक्त नाही. पण कात्रीच्या कडीत अंगठा घातला की आतून असा खडा रुतायचा, की हात आपोआप उघडून कात्री खाली पडायची.

आधी जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, युरिक ॲसिडचे खडे असतील. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड अगदी व्यवस्थित. तरी महिनाभर गोळ्या खाल्ल्या. मला आठ वर्षांपासून स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी ताठ आणि जाड करणारा आजार आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते कागदावर लिहिलं गेलं आणि तिथंच राहिलं. शेवटी माझ्या नेहमीच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठा हातात घेतला, हलकेच दाबला आणि दोन्ही हातांचा एक्स-रे काढायला सांगितला.

एक्स-रेमध्ये सुई नव्हती. अंगठ्याच्या टोकाशी, हाडापासून सुटे, पांढरे ठिपके होते. खडूची भुकटी सांडावी तसे. तर्जनीतही दोन होते, जे मला अजून जाणवलेही नव्हते.

"कॅल्सिनोसिस," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे कातडीखाली कॅल्शियमचे क्षार साचणं. हा शब्द मी आधी ऐकला होता. माझा आजार मर्यादित प्रकारचा, ज्याला पूर्वी सर्रास क्रेस्ट म्हणत. पाच लक्षणांच्या पाच इंग्रजी अक्षरांवरून ते नाव पडलं. थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होणं म्हणजे रेनॉड्स, ते माझं सर्वांत पहिलं. मग अन्न छातीत अडकल्यासारखं होणं आणि जळजळ. मग बोटांची कातडी ताणून चकचकीत होणं. मग चेहऱ्यावरचे बारीक लाल ठिपके. रक्तात सेंट्रोमिअरविरोधी अँटिबॉडी, म्हणजे या प्रकाराची खूण, सापडल्या तेव्हा निदान पक्कं झालं. आठ वर्षं माझ्याकडे चार अक्षरं होती. क्रेस्टमधला 'क' हा कॅल्सिनोसिसचा, तो आता आला.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती चुकीची केली. दूध बंद केलं आणि डॉक्टरांनीच दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही बंद केल्या. अंगात कॅल्शियम जास्त झालंय म्हणून ते बोटांत साचतंय, असा माझा सरळ हिशेब. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. कॅल्शियम नॉर्मल, फॉस्फरस नॉर्मल. त्यांनी समजावलं की रक्तात जास्त झाल्यामुळे हे साचत नाही. ज्या जागी कातडीखालचा भाग दुखावलेला असतो आणि रक्त नीट पोचत नाही, तिथे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार धरतात. हाड आणि दात ज्या पदार्थामुळे कठीण होतात, जवळपास तोच पदार्थ, पण नको त्या जागी. खाणं तोडून तो कमी होत नाही, उलट हाडं ठिसूळ होतील. ज्या हाताने जास्त काम होतं आणि ज्या बोटावर जास्त दाब येतो तिथे हे जास्त दिसतं, आणि अंगठा त्यात पहिला. मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. वीस वर्षं कात्री त्यानेच पेलली होती.

तीन-चार महिन्यांत अंगठ्यावरची कातडी पातळ झाली आणि खाली पिवळट पांढरं टोक दिसायला लागलं. तेव्हा जे केलं ते लिहिताना अजून अंगावर काटा येतो, पण लिहिते, कारण असं टोक दिसलं की प्रत्येकाच्या मनात तेच येतं. रात्री सगळे झोपल्यावर मी सुई घेतली, ज्योतीवर लाल होईपर्यंत धरली, गार होऊ दिली आणि त्या टोकात घातली. टूथपेस्टसारखं पांढरं, जाडसर काहीतरी बाहेर आलं. त्यात रवाळ कण होते. आतला दाब एकदम उतरला. इतका आराम मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. मी दाबून दाबून आणखी काढलं आणि शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी अंगठा लाल, गरम आणि दुप्पट झाला. नाडी अंगठ्यातच आहे असा ठणका. संध्याकाळपर्यंत ताप. अँटिबायोटिक सुरू झालं, आणि जंतू हाडापर्यंत गेले नाहीत ना हे पाहायला पुन्हा एक्स-रे. हाड वाचलं. जखम भरायला मात्र सहा आठवडे लागले. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या बोटाला रक्त आधीच कमी पोचतं. जखम भरायला जे सामान लागतं ते रक्तातूनच येतं. तुम्ही जखम एका मिनिटात केलीत, पण ती भरायला सामान येणार थेंबाथेंबानं."

हे वाक्य ऐकल्यापासून मी खड्याकडे पाहणं सोडलं आणि रक्ताकडे पाहायला लागले. पुढे जो काही फरक पडला तो तिथून पडला.

औषधांबद्दल सांगते. खडे नक्की विरघळवेल असं सिद्ध झालेलं औषध नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. मला आधी डिल्टियाझेम, एरवी रक्तदाबासाठी देतात ते औषध, दिलं. काही महिन्यांत पाय सुजायला लागले, खडे होते तसेच राहिले, म्हणून ते थांबवलं. मग थोड्या मात्रेत मिनोसायक्लिन, हे एक अँटिबायोटिक. त्याने गाठी तेवढ्याच राहिल्या, पण लाल होऊन ठणकण्याचे दिवस कमी झाले, आणि माझ्यासाठी तेही खूप होतं. त्याने कातडी काळपट-निळसर होऊ शकते हे आधीच सांगितलं होतं, म्हणून दर भेटीत ते पाहिलं जायचं. कोणाला कोल्चिसिन देतात, कोणाच्या गाठीत सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. दुसऱ्याची चिठ्ठी वाचून आपण गोळी सुरू करू नये, हे मी कळकळीने सांगते. रेनॉड्ससाठीची रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी गोळी मात्र माझी चालूच आहे.

अंगठ्यातला मोठा खडा औषधाने हलला नाही. चिमटीत काहीच धरता येईना, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला. हाताच्या सर्जननी पहिल्या भेटीतच सांगितलं की सगळं काढणार नाही. माझी समजूत होती की आत एक गोटी आहे, ती उचलली की झालं. तसं नसतं. ओला खडू मऊ कापडात चोळून बसावा तसं ते मांसात मिसळलेलं असतं, आणि त्यातूनच बारीक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सगळं खरवडलं तर अंगठ्याचं टोकच जाईल. फक्त अंगठा बधिर करून त्यांनी दाब कमी होईल एवढंच काढलं. जखम भरायला सात आठवडे लागले. हात उंच आणि गरम ठेवायचा, पाणी लागू द्यायचं नाही. पण आठव्या आठवड्यात मी कात्रीत अंगठा घातला आणि कात्री हातात राहिली. दोन वर्षांनी त्याच जागेच्या कडेला बारीकसा खडा पुन्हा आलाय. येऊ शकतो हे त्यांनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही.

रोजचं जगणं हा यातला सगळ्यात मोठा भाग. त्याबद्दल दवाखान्यात बोलायला वेळच नसतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हात गरम ठेवायचे तर आधी अंग गरम ठेवावं लागतं. हे मला खूप उशिरा कळलं. मी नुसते हातमोजे घालायचे आणि बोटं तरी पांढरी पडायची. आता आतून एक जादा बनियन, पायात मोजे, कानावर टोपी. आणि हातमोजे थंडीत जाण्याआधी घालायचे, बोटं गार पडल्यावर नाही. फ्रिजमधली वस्तूसुद्धा कापड गुंडाळून काढते. तंबाखू आणि सिगारेटचा धूर रक्तवाहिन्या आकसवतो, म्हणून घरात कोणी ओढत असेल तर तेही थांबायला हवं.

मग दाब. दुखणं खड्याचं असतं असं आपण म्हणतो, पण माझा खडा बहुतेक वेळा त्याच्यावर दाब आला की दुखतो. टेबलावरचं नाणं उचलणं, सपाट कागदाची कड धरणं, शर्टाचं बटण लावणं, किल्ली फिरवणं. ड्रॉवरच्या कडेवर बोटाचं टोक आपटलं तर वीज थेट कोपरापर्यंत जाते आणि मिनिटभर बोलता येत नाही. म्हणून मी घरातल्या वस्तू एकेक करून जाड केल्या. कात्रीच्या कड्यांना, पेनाला, टूथब्रशला फोमची नळी चढवली. किल्लीला लाकडी मूठ बसवली, म्हणजे ती मुठीने फिरते. कापड कापायला चक्रीचा कटर घेतला, तो मुठीत धरून ढकलता येतो. बोटांना सिलिकॉनच्या टोप्या मिळतात, त्या घट्ट नको, एक माप सैलच घ्यावी. पिशवी बोटांत नाही, खांद्यावर. कोपर मात्र आता मी कशावरच टेकवत नाही, कारण तिथेही एक गाठ आली आहे. फोनवर बोटाच्या टोकाऐवजी बोटाची कड वापरते आणि जमेल तिथे बोलून टाइप करते. हा मजकूरही बराचसा असाच बोलून लिहिलाय. फोनला माझा ठसा ओळखू येत नाही, म्हणून आकडे टाकून उघडते.

हातशिलाई मी सोडली. काजं-बटणं आणि हातटाके आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी करते, मी मशीनवर बसते. हे एका वाक्यात लिहिलं, पण ते स्वीकारायला मला वर्ष लागलं. हातटाका ही माझी ओळख होती. एका दुपारी तिने घातलेला टाका उलटून पाहिला, तो सरळ होता. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. दुःख होतंच, पण आता अंगठ्याला सुट्टी देता येईल याचा सुटकाराही त्यात होता.

आता टोक वर आलं की मी काय करते ते सांगते. कोमट पाण्यात साधा साबण टाकून दहा मिनिटं बोट बुडवून ठेवते. पाणी आधी मनगटावर तपासते. न चोळता कोरडं करते, पेट्रोलियम जेली लावते, न चिकटणारा गॉज आणि त्यावर सैल पट्टी. सैल यासाठी, की घट्ट पट्टीने जे थोडं रक्त येतंय तेही अडतं. आणि मग वाट पाहते. कधी दोन आठवडे, कधी पाच. लाली पसरली, ऊब वाढली, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला, हातावर लाल रेघ चढली किंवा बोटाचं टोक काळसर पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. यात उद्या नाही.

मागच्या वर्षी तर्जनीतला खडा असाच आपणहून आला. सकाळी पट्टी उघडली तर गॉजवर मोहरीपेक्षा थोडा मोठा, खडबडीत पांढरा दाणा पडला होता. खाली जखम होती, पण स्वच्छ, गुलाबी. मी मुलीला हाक मारली. तिने गॉज उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, एवढ्याशा दाण्यासाठी तू रात्र-रात्र जागत होतीस?"

मी हो म्हटलं. तिने तो दाणा टाकू दिला नाही, छोट्या डबीत ठेवला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवला. ती जखम नऊ दिवसांत सुकली. सुईने केलेलीला सहा आठवडे लागले होते.

सध्या डाव्या तर्जनीवर एक नवं टोक दिसतंय. आज सतरावा दिवस. बोट गरम आहे, पट्टी सैल आहे, लाली नाही. संध्याकाळी एक कॉलर मशीनवर बसवायची आहे. आणि सुयांचा डबा मुलीच्या कपाटात आहे, मीच तिला तिथे ठेवायला सांगितलाय.