एका सकाळी दोन क्रिट

आज एकाच सकाळी दोन सायकल रेस मारल्या. आधी कॅटेगरी फोर (कॅटेगरी म्हणजे रायडरची पातळी, वन सगळ्यात वरची), मग अकराला मास्टर्स ३५+, म्हणजे पस्तीस आणि त्यापुढच्या वयाची. रात्रीचे साडेदहा झालेत, पाय अजून धडधडतायत, झोप लागत नाही म्हणून लिहून ठेवतो.

क्रिट म्हणजे दीडेक किलोमीटरचा बंद रस्ता आणि त्यावर फेऱ्याच फेऱ्या. इथे कॅलिफोर्नियात रविवारी ऑफिस पार्क ओस पडलेले असतात, तिथलेच रस्ते अडवून सकाळपासून एकामागून एक रेस लावतात, त्यामुळे एक रेस कॅटेगरीतून आणि एक वयातून अशी दुहेरी एंट्री घेता येते. वय पण ३१ डिसेंबरला जे होणार ते धरतात, माझा वाढदिवस नोव्हेंबरातला, म्हणजे जानेवारीपासूनच मी मास्टर्स.

पहिली रेस ताकदीवर काढली. प्राइमची, म्हणजे मधल्याच एका फेरीच्या बक्षिसाची, घंटा वाजली की सुटायचं, कोणी पळालं की मागे लागायचं. नववा आलो. छान वाटलं.

पण आजचा खरा दिवस मधल्या दोन तासांत होता. घामाची जर्सी लगेच बदलली, सावलीत खुर्ची टाकली आणि डबा उघडला. किलोमागे तासाला साधारण १ ग्रॅम कार्ब जायला हवं, माझं वजन ६८ किलो, म्हणजे तासाला ६८ ग्रॅम कार्ब, साधारण अडीचशे ग्रॅम शिजलेला भात. मऊ भात, मीठ, लिंबू आणि नंतर एक गूळपोळी. पॅकेटमधल्या एनर्जी जेलपेक्षा हे मला कधीही चांगलं पचतं. मग जर्सीवर दुसऱ्या रेसच्या नंबराचा कागद लावायचा, तोही फिनिशचा कॅमेरा ज्या बाजूला असतो त्याच बाजूला, आणि पाठीवर स्वतःला पिना लावता येत नाहीत. साठीतल्या एका काकांनी न सांगताच माझ्या हातातून पिना घेतल्या आणि एकही सुरकुती न ठेवता नंबर लावून दिला, वर म्हणाले आता उभा राहू नकोस, बस. अशा माणसांमुळे मी या खेळात आहे.

बसल्या बसल्या १९७८ ची टूर द फ्रान्स आठवली. तेव्हा एका दिवसात दोन-दोन अर्ध्या स्टेज, म्हणजे टप्पे, असायच्या, जास्त गावं म्हणजे आयोजकांना जास्त पैसे, आणि रायडर्सना ना झोप ना नीट जेवण. शेवटी व्हॅलॉन्स दाजाँ या गावात फ्रेंच रायडर बर्नार्ड इनोला पुढे घालून सगळे सायकलवरून उतरले आणि चालत फिनिशला गेले. बरोबरच केलं त्यांनी. माझं तसं नाही, मला कोणी दुसऱ्यांदा स्टार्टवर उभं करत नाही, मी हौसेने उभा राहतो आणि नको वाटलं तर घरी जाऊ शकतो.

दुसऱ्या रेसमध्ये कॅटेगरीचं बंधन नव्हतं, म्हणजे सगळ्यात वरच्या कॅटेगरीचे वन-टूवाले पण होते. पहिली दहा मिनिटं मांड्या नुसत्या दगड. मग हळूहळू काहीतरी बदललं, ताकद उरलेलीच नव्हती त्यामुळे बघायला लागलो. हे जुने लोक एक पेडल फुकट मारत नाहीत. घोळक्याच्या शेपटीला प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो आणि मग उठून स्प्रिंट मारावा लागतो, पुढच्या पंधरा जणांत असलं की तेच वळण न थांबता पार होतं. हे वाचलेलं होतं, पण सकाळी ताजे पाय होते तेव्हा त्याची गरजच पडली नव्हती. आता दमलेल्या पायांना तेवढा एकच रस्ता होता. प्राइमची घंटा झाली, जाऊ दिली. समोरच्याचं चाक धरून, म्हणजे वारा अडावा म्हणून त्याच्या अगदी मागे, बसलो, वळणाआधीच एक-दोन जागा वर सरकत राहिलो, आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मी अजून घोळक्यातच होतो!

लहानपणी बाबा बोरघाटात मुंबई-पुणे रेस बघायला न्यायचे, तिथे घाटाचा राजा कोण यावरच सगळी चर्चा. मला तेव्हापासून सायकलिंग म्हणजे चढ आणि दम एवढंच वाटायचं. सपाट रस्त्यावर, चार वळणांत, इतकं डोकं लागतं हे त्यांना उद्या फोनवर सांगायचंय.

बाविसावा आलो. नवव्यापेक्षा हा बाविसावा नंबर मला जास्त आवडलाय. पुढच्या महिन्याच्या दोन्ही एंट्र्या आत्ताच भरल्या.