कंसातल्या ओळी

आज लायब्ररीत जेब या इंग्रज अभ्यासकाने संपादित केलेली सोफोक्लिसची अँटिगनी वाचत बसले होते, राजाची बंदी मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या मुलीचं प्राचीन ग्रीक नाटक, 1888 ची आवृत्ती, डावीकडे ग्रीक उजवीकडे इंग्रजी आणि खाली टिपाच टिपा. ग्रीक मला अडखळत येतं, बोट ठेवून वाचते. तर 904 ते 920 या ओळी चौकोनी कंसात. म्हणजे संपादकाच्या मते या सोफोक्लिसच्या नाहीतच, नंतर कुणीतरी घुसडल्यात.

आणि नेमकं काय आहे तिथे? त्यासाठी मरणाची शिक्षा झालेली ती पोरगी, अँटिगनी, म्हणते, नवरा गेला तर दुसरा मिळाला असता, मूल गेलं तर दुसरं झालं असतं, पण आईबाप दोघंही गेल्यावर भाऊ कुठून आणू? जर्मन कवी गटेलाही या ओळी खुपायच्या, कुणीतरी अभ्यासकाने त्या खोट्या ठरवाव्यात असं तो म्हणाला होता. पण अ‍ॅरिस्टॉटलने नाटकानंतर शंभरेक वर्षांनी यातलंच वाक्य उदाहरण म्हणून दिलंय, म्हणजे त्याच्या वेळी तरी त्या होत्याच ना! असाच हिशोब ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या एका गोष्टीत इंटाफर्नीस या इराणी सरदाराची बायको मांडते, राजा तिला पकडलेल्या घरच्यांपैकी एकालाच सोडवायला सांगतो तेव्हा ती भाऊ निवडते, तिथे निदान भाऊ जिवंत आहे, वाचवता येतो. इथे तो मेलेला, पुरायचा राहिलेला.

मला त्या ओळी खऱ्याच वाटतात. इतका वेळ देवांचे नियम सांगणारी बाई शेवटी भीतीने काहीतरी कारण शोधते, हे किती माणसासारखंय. कंस काढून पुन्हा वाचलं आणि घशात आवंढा आला, बाहेर पडल्या पडल्या दादाला फोन लावला.