उमरेड ते आरमोरी: आठवडी बाजारातली मिरची, तांदूळ, सुपं आणि कोसा

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरी. सरळ निघालं तर सकाळची चहाची वेळ ते जेवणाची वेळ, एवढाच हा रस्ता. आम्ही तो मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वाटेवरचे आठवडी बाजार धरून, सावकाश केला. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगल-भाताच्या पट्ट्यातला माल शहरातल्या प्रदर्शनांत मिळतो, पण निवडून, पिशवीत भरून, दुप्पट भावाने. बाजारात पिकवणारा किंवा विणणारा माणूस समोर बसलेला असतो, आणि त्याला विचारता येतं. फक्त काय विचारायचं आणि माल कसा बघायचा, हे आधी ठाऊक हवं.

मार्चच का? लाल मिरचीची आवक तेव्हा जोरात असते, जवस आणि लाखोळीची डाळ नुकती निघालेली असते, चिंच आलेली असते आणि मोहफुलं पडायला लागतात. चारोळी मात्र एप्रिल-मेमधली, त्यामुळे मार्चमध्ये दिसेल ती गेल्या सालची. ती घेऊ नका, तेलकट बी वर्षभरात खवट होते. बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, काटवलं आणि सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, हवे असतील तर जुलै-ऑगस्टमध्येच यावं लागेल. नव्या तांदळासाठी डिसेंबर बरा. एकाच फेरीत सगळं मिळत नाही. त्या मोसमात नसलेलं कोणी दाखवलं, तर ते साठवणीतलं आहे असंच समजा.

बाजाराचा वार नेटवर बघून निघू नका. सण, पोळा, निवडणूक, जत्रा यांनी वार सरकतो आणि नेटवर तो जुनाच राहतो. आदल्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर किंवा एसटीच्या वाहकाला विचारलं की पक्कं कळतं. मोठ्या गावाच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतून कोण कधी येतं, हे वाहकाइतकं कोणालाच माहीत नसतं. दोन बाजारांचे वार लागोपाठ येतील असा मुक्काम ठेवलात तर फेरी वसूल होते.

वेळेचं गणित साधं आहे. रानातला माल सकाळी नऊ-दहाच्या आत येतो. बाजाराच्या तोंडाशी, रस्त्यावरच काटा लावून बसलेले व्यापारी त्यातला बराचसा उचलतात. डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईला बाजारात बसूही देत नाहीत. म्हणून मोहफुलं, डिंक, मध, चिंच हवी असेल तर दहाच्या आत पोचा. सुपं-टोपल्या अकरापासून मांडलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत राहतात. भाजी चारनंतर स्वस्त होते, पण मार्चच्या उन्हात तोवर तिची मान पडलेली असते. मुख्य रांगेतली प्लास्टिकची आणि कपड्यांची दुकानं ओलांडून थेट कडेला जा. जमिनीवर पोतं टाकून, चार-सहा वाटे मांडून बसलेली माणसं तिथे असतात, आणि घरचा माल त्यांच्याकडेच असतो. "मावशी, हे घरचं का?" असं विचारलं की "घरचंच हाय बाबू" असं उत्तर बहुतेकदा येतंच. त्यामुळे पुढचा प्रश्न महत्त्वाचा: कोणतं गाव, कधी काढलं, किती वाळवलं. घरचं असेल तर उत्तर लगेच आणि तपशिलात येतं.

भिवापूरला थांबायचं ते मिरचीसाठी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाखाली संकरित वाणांची मिरचीही सर्रास विकली जाते. मानांकनाचं नाव ऐकून भाव देऊ नका, पोतं उघडून बघा. मूठभर मिरच्या कानाजवळ हलवा, वाळलेल्या असतील तर बिया खुळखुळतात. एक मिरची वाकवा. कडक वाळलेली मोडते, ओलसर असेल तर चामड्यासारखी नुसती दुमडते. वजन वाढवायला पाणी शिंपडतात, आणि ते पोत्याच्या वरच्या थरात कळत नाही, म्हणून हात खोल घालून खालची मिरची काढायची. मग दोन-तीन मिरच्या उभ्या फाडून आत बघा. आतून करडी-काळी बुरशी दिसली तर ते पोतं सोडून द्या. वरून लालभडक आणि आत बुरशी, हे ओली मिरची ढिगाने रचून ठेवल्यावर हमखास होतं. देठ, म्हणजे इकडचा मुका, काढलेली मिरची महाग असते, कारण सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्या-निवडण्याच्या जागेवर, बसून बायांनी तो एकेक करून तोडलेला असतो. त्या मजुरीचा भाव द्यायला हरकत नाही. पण माल लांब न्यायचा असेल किंवा महिनाभर दळायचा नसेल तर मुक्यासकट घ्या, ती जास्त टिकते. मुके आणि राहिलेली ओल मिळून किलोमागे शंभर ग्रॅमच्या आसपास घट धरा. घरी आल्यावर दोन कडक उन्हं दाखवूनच डब्यात भरा.

हळद हवी असेल तर उमरेडहून गिरडमार्गे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याकडे वाट वाकडी करावी लागते. वायगावची हळद तिकडची, तिलाही मानांकन आहे. मार्चमध्ये हळद उकडण्याचं, वाळवण्याचं काम चालू असतं, त्यामुळे घाईने घेतलं तर अर्धवट वाळलेली हळकुंडं गळ्यात पडतात. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की ठणठणीत आवाज यायला हवा. एक मोडून बघा, आत गर्द नारिंगी-पिवळा रंग एकसारखा हवा. बाहेरून फार चकचकीत पिवळं हळकुंड ओल्या बोटाने चोळा. बोटाला भसकन रंग आला तर वरून रंग लावलेला आहे.

नागभीडपासून पुढे भाताचा मुलूख. एचएमटी तांदूळ याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत करत तयार केला. त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. दादाजी 2018 मध्ये गेले. तांदूळ बाजारातल्या ढिगापेक्षा गावातल्या गिरणीवर घेतलेला चांगला. तिथे धान कोणाचं, कधीचं ते कळतं आणि कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, वेगळी काढून मिळते. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी लागतं. मोकळा भात हवा असेल तर वर्षभर मुरलेला मागा आणि त्याचा जास्त भाव मान्य करा. बाजारात अजूनही पायलीने मापून देतात. पायली गावागणिक बदलते आणि माप शिगेचं की सपाट यावरही बरंच फिरतं, म्हणून भाव किलोचा विचारा आणि काट्यावर तोलून घ्या.

लाखोळीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तिची वाळवलेली कोवळी भाजी अप्रतिम लागते, आणि ती बाहेर कुठे सहज मिळत नाही. डाळीचे वडेही चांगले होतात. पण या डाळीत मज्जातंतूंना अपाय करणारा घटक असतो. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून रोजच्या वरणाला ती नको. कधीमधी करायची तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. तुरीच्या डाळीत लाखोळी मिसळलेली ओळखता येते: तुरीचा दाणा गोल, लाखोळीचा चपटा आणि कोनदार.

जवस मात्र डोळे मिटून घ्या. दाणा चमकदार, बोटांतून निसटणारा हवा. घाण्याचं तेल पाव लिटरपेक्षा जास्त घेऊ नका, ते फार लवकर खवट होतं. गाडीत मागच्या काचेजवळ ठेवलं तर घरी पोचेपर्यंतच वास फिरतो.

मोहफुलं पहाटे गळतात, सकाळी वेचतात आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवतात. चांगलं वाळलेलं फूल तांबूस-तपकिरी, सुटं आणि मनुकेसारखं दबणारं असतं. गोळे झालेली, काळी पडलेली किंवा आंबूस वासाची फुलं ओली भरलेली असतात. आतले केसर चोळून काढावे लागतात आणि वाळू जाईस्तोवर दोन-तीन पाण्यांनी धुवावं लागतं. एरवी पहिल्या लाडवातच दाताखाली कचकच येते. मोहाची दारू कोणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून आणि वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे.

सुपं-टोपल्यांपाशी वेळ काढा, कारण इथला हात खरोखर कसबी आहे. बांबूच्या पाठीच्या, म्हणजे बाहेरच्या सालीच्या कामट्या गुळगुळीत, चमकदार आणि चिवट असतात. पोटाकडच्या कामट्या फिकट, तंतुमय असतात. त्यांच्यात पिष्ट जास्त असतं आणि भुंगा नेमका तिथेच लागतो. सूप उजेडाकडे धरा: वीण एकसारखी घट्ट हवी, फटीतून तांदूळ निसटता कामा नये. काठाची दुहेरी पट्टी अंगठ्याने दाबून बघा, बांधणी हलली तर वर्षभरात सुटणार. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि त्यातून पडणारी पिवळट भुकटी दिसली की भुंगा आत आहे, ते सूप कितीही सुबक असलं तरी नको. अगदी हिरव्या बांबूचं विणकाम ताजं म्हणून घेऊ नका, वाळताना कामट्या आकसतात आणि वीण सैल पडते. घ्यावंच लागलं तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. घरी आठ-दहा दिवस सावलीत वाळवून कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल पातळ चोळा. सूप धान्य पाखडायला वापरणार असाल तर आतून सारवून घ्या, जुन्या बायका भिजवलेली मेथी वाटून कागदाच्या लगद्याबरोबर लावतात. आणि इथे घासाघीस करू नका. एका सुपामागे बांबू आणणं, फाडणं, सोलणं आणि विणणं असं दिवसभराचं काम असतं.

कोसा, म्हणजे इथलं रानरेशीम, आठवडी बाजारात शोधू नका. बाजारात चादरीवर मांडलेला स्वस्त "कोसा" बहुधा मिश्र धाग्याचा असतो. नागभीड-आरमोरी भागात विणकरांच्या घरी किंवा त्यांच्या संस्थांच्या विक्री केंद्रात जावं लागतं. हा धागा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांच्या कोषांचा. त्याचा मूळ रंग मधासारखा, थोडा कमीजास्त. एकसारखा, गुळगुळीत, झगझगीत दिसला तर शंका घ्या. कडेचे दोन धागे मागा, एक उभा आणि एक आडवा, कारण भेसळ बहुधा एकाच दिशेच्या धाग्यात असते. दोन्ही वेगवेगळे जाळा. रेशीम केस जळल्याचा वास देतं आणि राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. सूत कागद जळल्यासारखं जळतं. करवती काठाच्या साडीत काठ सुताचा असू शकतो, ती फसवणूक नाही. तिचा करवतीच्या दातांसारखा काठ तीन धोट्यांनी, अंगाचा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून विणतात. म्हणून दात उलट्या बाजूनेही तितकेच स्वच्छ दिसतात. मागे लोंबते धागे किंवा छपाई दिसली तर ती करवती नव्हे. घिचा कापड जाड, गाठीगाठीचं आणि स्वस्त असतं, जाकिटाला उत्तम, पण साडीच्या भावाने घेऊ नका. सदऱ्याचं कापड घेताना आधी पन्हा मोजा. हातमागाचा पन्हा कमी असला की अडीच मीटरमध्ये पूर्ण बाह्यांचा सदरा बसत नाही. शिवायच्या आधी थंड पाण्यात भिजवून सावलीत वाळवून घ्या.

खायचं म्हणाल तर बाजारात आलुबोंडा आणि वर तर्री, मुर्रे-फुटाणे आणि गरम जिलबी. कढईतलं तेल काळं आणि फेसाळ असेल तर पुढच्या गाड्यावर जा. नागभीड-सिंदेवाही भागात तलाव बरेच, त्यामुळे सुके झिंगेही मिळतात. ते कुरकुरीत आणि फिकट गुलाबी हवेत. पिवळे, दमट झिंगे दोन दिवसही टिकत नाहीत आणि सगळ्या सामानाला वास लावतात.

दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा. स्कॅनर दिसतात, पण बाजाराच्या गर्दीत रेंज जाते आणि म्हाताऱ्या विक्रेतीला पैसे आले की नाही ते कळत नाही. ब्रह्मपुरीकडे मार्चअखेर ऊन भाजून काढतं, तेव्हा दुपट्टा बांधा आणि एक ते तीन सावलीत काढा. गाडी नसेल तर नागपूर-गडचिरोली एसटी याच रस्त्याने जाते, पण मोठ्या टोपल्या गर्दीच्या बसमध्ये चेपतात. परतताना नागभीड, ब्रह्मपुरी किंवा वडसा स्टेशनवरून गोंदियाकडची गाडी धरा. सुपं एकात एक घालून सुतळीने बांधा, मिरचीचं पोतं खाली आणि कोसा कापडी पिशवीत त्यापासून लांब ठेवा. मिरचीची धूळ त्या धाग्यात एकदा शिरली की झटकून निघत नाही.