तुम्ही विचारलंत म्हणून: रंगकाम का सोडत नाही

"पेंटर, एवढा चांगला हात आहे, मग घरं रंगवायचं का सोडत नाही?" लग्नात, रंगाच्या दुकानात, चित्रं बघायला आलेल्यांकडून हे ऐकून २० वर्षं झाली. पाठोपाठ चित्रकार एम. एफ. हुसेन येतात: तेही सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. रंगवायचे, आणि पुढे त्यांनी ती सोडली. मला सोडायचंच नाही, हे तुम्हाला पटत नाही. चित्रकार आणि सिनेमाकार बाबूराव मेस्त्रींची ओळख ज्या कोल्हापुरात 'पेंटर' हीच झाली, नाटकाचे पडदे रंगवले म्हणून ज्यांना कुणी कमी लेखलं नाही, तिथे तरी हा प्रश्न पडू नये.

पूर्वी मी सांगायचो, धंद्यावर घर चालतं, त्यामुळे चित्र विकायची घाई नसते. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मला बघता यायला लागलं ते भिंतीमुळे. लांबी, म्हणजे भिंतीला भरलेली पुट्टी, वाळली की संध्याकाळी दिवे बंद करून बल्ब भिंतीलगत धरायचा. समोरून गुळगुळीत वाटणारी भिंत त्या आडव्या उजेडात नांगरलेल्या रानासारखी दिसते. बारीकसा खळगासुद्धा सावली टाकतो. पेन्सिलीने खुणा करायच्या, पुन्हा लांबी भरायची, पुन्हा घासायचं. माझी करडी चित्रं तिथून आली. जी. डी. आर्टला, म्हणजे चित्रकलेच्या पदविकेला, असताना सावल्या पुष्कळ काढल्या होत्या. तेवढ्या बारकाईने बघितली नव्हती एकही.

पण मग तो ऑक्टोबर. चित्रप्रदर्शनासाठी शाहू स्मारकच्या कलादालनाची तारीख मिळाली ती दिवाळीच्या आठवडाभर आधीची. आमच्याकडे पावसाची ओल भिंतीतून लवकर हटत नाही, म्हणून सगळ्यांनाच दसरा ते दिवाळीत रंग हवा असतो. ३ साइट चालू होत्या. पहाडाच्या, म्हणजे चढायला बांधलेल्या बांबूंच्या, गाठी रोज सकाळी मी स्वतः ओढून बघतो. त्या दिवशी मी दालनात चित्रं टांगत होतो. आमचे मामा, वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर, एका बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीवर चढले आणि बांबू निसटला. १२ फुटांवरून खाली आले. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या नखांत प्रायमर तसाच होता. नर्स कापसाने पुसत होती, निघत नव्हता. मला बघून म्हणाले, "पेंटर, चित्रं लागली न्हवं सगळी?"

मी हो म्हणालो. लागली नव्हती. ४ राहिली होती.

दवाखान्याचा खर्च मी केला, ६ महिने पगार दिला. हे मी सगळ्यांना सांगत आलोय, आताही कुणी न विचारता सांगितलंच. मी असतो तर गाठ सुटलीच नसती, असंही छातीठोक म्हणता येत नाही. बांबू बांधायचा सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, जुना होता. रात्री पावसात भिजून सकाळच्या उन्हात वाळला की तो ढिला पडतो. मामांना हे ठाऊक होतं. मलाही होतं, आणि दालनात जायचं म्हणून मी त्या वाटेने गेलो नाही.

तेव्हा स्वतःला बजावलं, एकच काय ते कर. १४ महिने चित्राला हात लावला नाही. भिंती तरी सुधारल्या का? उलट माझे शेड चुकायला लागले. एका घरातला पिवळा ३ वेळा मिसळावा लागला, शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, तुमचं लक्ष नाही. तेव्हा पुन्हा कॅनव्हास ताणला. त्या बजावणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते अजून सापडलेलं नाही. त्याचंही चुकलं होतं असं वाटत नाही.

मामा आता छतालगतची रेघ डाव्या हाताने मारतात, उजवा नुसता भिंतीला टेकवून. माझ्यापेक्षा सरळ येते.

यंदाही तारीख मिळतेय ती ऑक्टोबरचीच. मामा म्हणतात, "घ्या की पेंटर. गाठी मी बघतो." फॉर्म टेबलावर पडून आहे.